साखरेला खण, मिठाला मांजरपाट

५ जानेवारी १९८७

छप्पन सालच्या हिवाळ्यातली एक दुपार आज सारखी आठवतेय. कमरीपेठेतल्या या घरात वेगळं बिऱ्हाड करून आम्हाला आठ दिवस झाले होते. हे आपल्या शिवणाच्या दुकानातून दोऱ्याच्या रिळांचं रिकामं खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आले. भिंतीत चार खिळे मारले आणि खोकं आडवं बसवलं. झालं माझं फडताळ. मग आम्ही दोघं त्याच्यासमोर फरशीवर बसून चहा प्यालो. कपबशी एकच होती. कप मला, बशी यांना. काय बोललो ते आठवत नाही. "जरा डावीकडं झुकलंय," एवढंच बहुतेक. अजूनही ते डावीकडं झुकलेलंच आहे.

आज त्याच फडताळासमोर डॉक्टरांचा कागद घेऊन बसले होते. पोटात मोसंबीएवढी गाठ आहे. रक्त कमी आहे म्हणून महिनाभर इंजेक्शनं घ्यायची, मग ऑपरेशन. दवाखान्यात पंधरा-वीस दिवस तरी राहावं लागेल.

गाठ डॉक्टरांनी शोधली नाही. यांनी शोधली! डिसेंबरात माझं एक पोलकं सैल करून मागितलं होतं. काचबिंदूनं यांचे दोन्ही डोळे जाऊन तीन वर्षं झाली, पण उसवणं-शिवणं अजून हातानं चाचपून करतात. टेप लावली, गाठी मोजल्या (टेपला इंचाइंचावर दोऱ्याच्या गाठी मारून ठेवल्यात) आणि म्हणाले, "दंड पाऊण इंच उतरलाय तुझा. कंबर मात्र वाढलीय. एका बाईचं असं माप होत नाही. उद्या डॉक्टरकडं जा."

तीन वर्षांत त्यांनी माझं तोंड पाहिलेलं नाही. देवाची कृपा, की बोटं शाबूत ठेवली.

ऑपरेशनची भीती वाटत नाही असं नाही. पण खरा प्रश्न वेगळाच आहे. इतकी वर्षं संसार केला, या माणसानं एकदाही शेगडी पेटवलेली नाही. मी नसताना यांना चहा कोण देणार?

७ जानेवारी

प्रभंजनचं पत्र आलं. वाचून दाखवायचं काम माझंच. सगळं वाचलं, काही गाळलं नाही.

"अण्णांना मी पुण्याला घेऊन येतो. आणि आई, खरं सांगू का, आता ते इथंच राहू देत. आंधळ्या माणसाला सांभाळण्याची ताकद आता तुझ्यात राहिली नाही. तू ऑपरेशननंतर बेळगावला हेमाकडं राहा."

म्हणजे हे तिकडं मुलाकडं, मी इकडं लेकीकडं. मुलगा वाईट नाही. काळजीनंच लिहिलंय. मंगलानंही खाली दोन ओळी लिहिल्यात, सासऱ्यांसाठी खिडकीजवळ कॉट ठेवते म्हणून. चांगली पोर आहे.

यांनी विचारलं, "तिसरा मजला ना त्याचा?"

"हो."

"इथं दारापासून मोरीपर्यंत बावीस पावलं. मला पाठ आहेत. तिथं पुन्हा एकपासून मोजायची." मग म्हणाले, "ने म्हणावं. मी काय, बोचकं. ठेवाल तिथं राहीन."

तो शब्द मला लागला. उठले आणि प्रभंजनला उत्तर लिहिलं. तीन फेब्रुवारीला ये. तोपर्यंत अण्णा स्वतःच्या हातानं चहा आणि एक वेळचं जेवण करायला लागले, तर ते याच घरात राहतील. नाही जमलं तर ने. मी अडवणार नाही.

पोस्टात टाकून आले. हे मी काय लिहून बसले?

८ जानेवारी

यांना सांगितलं. म्हणाले, "चहा शिकतो. भातही शिकतो. चपातीचं बोलू नको."

ठरलं!

१० जानेवारी

इथल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉन्व्हेंटमध्ये मी शिकले ती बाबांच्या मशीनमुळे. बाबा शाळेचे गणवेश शिवायचे, त्या ओळखीवर सिस्टर लोकांनी मला घेतलं. शिवणाच्या सिस्टर परीक्षेला आमच्या डोळ्यांना रुमाल बांधायच्या आणि सांगायच्या, "डब्यातून सात नंबरची सुई काढ." आम्ही मागून त्यांना नावं ठेवायचो. आज त्यांची आठवण आली आणि मी स्वतःच्या डोळ्यांना पंचा बांधून माझ्याच स्वयंपाकघरात शिरले.

पहिल्याच मिनिटाला तेलाची बाटली कलंडली. मग फडताळाचा कोपरा कपाळाला लागला. मग विळी. पातं वर! अशा घरात मी यांना एकटं सोडणार होते?

पंचा सोडला आणि कामाला लागले.

आधी काढून टाकणं. वर्षभर हात न लागलेली भांडी माळ्यावर. एकाच जातीच्या तीन बरण्या होत्या, दोन कमी. ओट्याच्या कडेला दुकानातला जुना लाकडी गज खिळ्यांनी ठोकला. आता पातेलं सरकलं तरी गजाला अडेल, पायावर पडणार नाही. विळी गेली, तिच्या जागी छोटी सुरी, जुन्या पट्ट्याच्या चामड्याच्या म्यानात. झाकणं नेहमी सापडत नाहीत, म्हणून दाराच्या मागे दोन आडव्या दोऱ्या ताणल्या आणि झाकणं त्यांत उभी खोचली. चमचे, उलथनं, चिमटा यांसाठी यांनीच युक्ती सांगितली. "खिसे लाव." जुन्या शर्टांचे सहा खिसे कापून एका जाड कापडावर शिवले आणि ते कापड भिंतीला टांगलं. पहिल्या खिशात चमचे, दुसऱ्यात चिमटा. खिशात हात घालायला यांना कोण शिकवणार?

शेगडीच्या बटणाला 'बंद'च्या बाजूला लाखेचा थेंब टाकला. बोटाला टेंगूळ लागलं, की गॅस बंद.

थकले. पण बरं वाटतंय. तीस वर्षं या खोलीत वावरले आणि ती नीट बघितली ती डोळे बांधून.

१२ जानेवारी

आज डब्यांना बटणं. प्रत्येक डब्याला नाडी बांधली आणि नाडीवर बटणं शिवली. दोन भोकांचं बटण मीठ. चार भोकांचं साखर. कोटाचं मोठं बटण चहा. हूक म्हणजे तिखट. टिचबटण हळद. मला फार सुचलं असं वाटलं. यांना एकेक करून पाठ करून घेतलं. "हं, हं," म्हणत होते.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ हेमानं बेळगावहून पाठवला. बरं झालं, डब्यांच्या नादात मी विसरलेच होते.

१७ जानेवारी

पाच दिवसांत तीनदा चहात मीठ. काल भातात साखर. आज पुन्हा मीठ. मी तो चहा तसाच संपवला, पण यांनीही आपला घोट घेतलाच की. कप खाली ठेवला.

मी म्हटलं, "दोन भोकं मीठ, चार भोकं साखर. किती वेळा सांगू?"

"सांगतेस खरं. हाताला ते कळत नाही."

"शिंपी ना तुम्ही? बटण कळत नाही?"

जरा चढ्या आवाजातच बोलले मी. हे शांतपणे म्हणाले, "बटणं मी कधी लावली गं? मी कापड कापलं. बटणं सगळी तू लावलीस."

खरंच की. कोप्पीकर रोडवरच्या दुकानातून शर्टांचा गठ्ठा संध्याकाळी घरी यायचा आणि काज-बटण मी करायची. पोरं मांडीवर घेऊन केलंय, तापात केलंय. दोन भोकांचं आणि चार भोकांचं बटण झोपेतही ओळखेन मी. यांनी हातात घेतलं ते कापड आणि कातर. गुंडी लावणं मास्तरचं काम नव्हे!

सगळं स्वयंपाकघर मी माझ्या बोटांसाठी मांडलं होतं. आंधळे हे झालेत, आणि चाचपून बघत होते मी.

दिवस सतरा उरलेत.

१९ जानेवारी

यल्लव्वा सकाळी भांडी घासायला येते, जाताना दोरीवरचे कपडे काढून देते. आज यांच्या पुढ्यात ढीग टाकला. हे घड्या घालत बसले. मी जवळच गहू निवडत होते.

"हा माझा पंचा. ही तुझी इरकल, काठ विरलाय. ही उशीची खोळ. हे..." थांबले. पुन्हा चोळून बघितलं. "हे आपलं नाही. हे यल्लव्वाचं लुगडं. आपल्या दोरीवर कसं आलं?"

यल्लव्वा मोरीतून हसत सुटली. "अय्य, गोत्तात नोडरी!" म्हणजे कळलं की हो यांना. तिच्या घरी पाणी आलं नव्हतं म्हणून गुपचूप आमच्याकडे धुऊन वाळत घातलं होतं. "अक्कारे, यजमानरांपासून चोरी करून चालायची नाही."

मी सूप खाली ठेवलं. उठले, ट्रंक उघडली आणि कटपिसांचं गाठोडं यांच्या मांडीवर नेऊन टाकलं.

"हे काय?"

"सांगा."

एकेक तुकडा हातात घेत गेले. पॉपलीन. ड्रिल. फलालीन. मलमल, पण धुतलेली. खण, गुळेदगुड्डचा. एकही चुकले नाहीत. चेहराच बदलला. तीन वर्षांत असा चेहरा बघितला नव्हता.

"आता मला सांगा," मी म्हटलं, "साखरेला कुठलं कापड?"

२० जानेवारी

आज बटणं सगळी उतरवली.

कापडं यांनी निवडली. मी काही बोलायचं नाही, असं ठरलं होतं. साखरेला खण. त्याचा उठाव बोटाला गोड लागतो म्हणे. मिठाला मांजरपाट, कोटाच्या आत घालतात तो खरबरीत. चहाला ड्रिल. रव्याला मलमल. तांदळाला धोतराचा काठ. डाळीला फलालीन.

"तिखटाला?" मी विचारलं.

"मखमल."

"तिखटाला मखमल?"

"स्वयंपाकघरात मखमल हाताला लागली, की माणूस दचकेल की नाही? दचकलं पाहिजे."

हळदीला पिवळं साटीन मी पुढं केलं. पिवळं आहे हे यांना दिसत नाही, पण मला बरं वाटावं म्हणून. तुकडा हातात धरून हसले. "हे कुणाचं माहिताय? एका नवरदेवाच्या कोटाचं अस्तर. लग्न मोडलं, तो कोट न्यायलाच आला नाही."

ड्रिलच्या पट्टीवर मात्र अडकले. बोट फिरवत राहिले. "ही प्रभंजनची पहिली शाळेची चड्डी. खिशाच्या कोपऱ्याला मी दुहेरी टीप मारली होती, गोट्या भरायचा म्हणून." खरंच तो कोपरा होता. तोच तुकडा चहाला.

डब्याच्या पोटाभोवती पट्टी गुंडाळून, मापानं कापून, मागच्या बाजूला हातशिलाई. सगळी शिलाई यांची. मी फक्त सुईत दोरा ओवून द्यायची. पट्टी धुवायची झाली तर निघावी म्हणून नंतर शिवण उसवून सायकलच्या ट्यूबच्या रिंगा कापून बसवल्या. ती युक्ती माझी. एवढी एक तरी माझी असू दे.

संध्याकाळी फडताळाकडं बघितलं. रांगेनं सगळे डबे कपडे घालून उभे. किती जणांची अंगं झाकून उरलेलं हे कापड! आणि गेली कित्येक वर्षं मी म्हणत होते, हे गाठोडं एकदा टाकून देऊ या. नाही टाकलं. देवानंच टाकू दिलं नाही असं म्हणते.

२३ जानेवारी

यल्लव्वानं आज प्रेमानं फडताळ पुसलं आणि डबे लहान-मोठे असे ओळीनं लावले. दिसायला फार सुरेख. यांचा हात जिथं साखर असायला हवी तिथं गेला, मिळाली डाळ. पट्टीमुळं चूक कळली, पण साखर शोधायला सगळे डबे चाचपावे लागले.

यांनी खडू मागितला. शिंप्याचा चपटा खडू. डबा ठेवायचा आणि त्याच्या बुडाभोवती रेघ मारायची, जशी कापडावर बाहीची आखणी करतात तशी. यल्लव्वा कमरेवर हात ठेवून बघत होती. मी तिला सांगितलं, "जो डबा जिथून उचलशील तिथंच ठेव. रेघ पुसायची नाही."

"रांगोळी कोणी पुसतं का अक्कारे?" म्हणाली. आता ती फडताळाला ओलं फडकं लावत नाही. मी लावायला गेले तर माझ्यावरच ओरडली.

२६ जानेवारी

सकाळी मला अंथरुणात चहा मिळाला. गोड होता. लग्नाला छत्तीस वर्षं झाली.

आज आणखी काही लिहायचं नाही.

२९ जानेवारी

दूध उतू जायचं कळत नाही, ही अडचण होती. पातेल्यात तळाला एक लहान वाटी उपडी टाकायला सांगितली. दूध वर यायला लागलं, की वाटी खडखड वाजते. हे स्टुलावर बसून कान देऊन ऐकत असतात.

पण भाताच्या झाकणानं दगा दिला. वाफेनं उजव्या हाताची तीन बोटं भाजली. तीच बोटं. मी पाण्यात धरली, लोणी लावलं, काय काय केलं. हे जेवायलाही आले नाहीत.

३१ जानेवारी

दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल नाही. बोटांना फोड आलेत, कापड कळत नाही म्हणतात. "प्रभंजन येतोच आहे," एवढंच म्हणाले. माझ्या अंगात आज इंजेक्शनानं कणकण आहे. मीही जोर केला नाही. वाटलं, मीच हट्ट करतेय. यांना भाजून घ्यायला लावून मला काय मिळवायचं आहे?

यल्लव्वानं मात्र सोडलं नाही. अंगणात भांडी घासता घासता मोठ्यानं, यांना ऐकू जाईल असं, कानडीत म्हणाली: मी दहा वर्षांची होते तेव्हापासून चुलीवर भाजतेय. हे बघा हात. हा भाकरीचा डाग, हा आमटीचा. आम्ही कोणी भाजलं म्हणून पुण्याला गेलो नाही.

मी जीभ चावली. आता हे चिडणार.

थोड्या वेळानं आतून आवाज. खिशातून चिमटा काढल्याचा.

"डावा हात आहे की," हे म्हणाले. "कातर उजव्या हातात असली, तरी कापड नेहमी डाव्यानंच धरलंय."

यल्लव्वा, तुझे उपकार कसे फेडू? आणि झाकणाला मी लगेच दोरा बांधून लाकडी रीळ लावलं. लांबून ओढलं, की वाफ लांबच राहते. हे आधी का नाही सुचलं मला?

३ फेब्रुवारी

प्रभंजन सकाळच्या गाडीनं आला. बॅग ठेवली, माझ्याकडं बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. मी किती वाळले ते त्याच्या तोंडावर दिसलं. "आई, पत्रात लिहिलं नाहीस," म्हणाला.

मी म्हटलं, "आधी अण्णांच्या हातचा चहा पी."

मी उंबऱ्यात बसायचं, तोंड उघडायचं नाही, असं ठरलं होतं. हे तोंड धुवायला मोरीकडं गेले. तेवढ्यात प्रभंजन उठला, साखरेचा आणि मिठाचा डबा उचलला आणि त्यांची अदलाबदल केली! माझ्याकडं बघून ओठांवर बोट. पण त्याचं चूक नव्हतं. त्याला खात्री करून घ्यायची होती. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. नसतं केलं बहुतेक. इंजिनिअर आहे तो.

हे आले. आधण ठेवलं. काडी न वाया घालवता शेगडी पेटवली. ड्रिलचा डबा, एक चमचा. मग हात साखरेच्या जागेवर गेला.

थांबला.

डब्याभोवती बोटं एकदा फिरली. "यल्लव्वा आज अजून आली नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. तेवढं बोलले.

"मग हे पुण्याचं काम." डबा खाली ठेवला, शेजारचा घेतला, त्यातून साखर घातली आणि मग दोन्ही डबे आपापल्या खडूच्या गोलात ठेवून दिले. "तुला लहानपणापासून दुसऱ्याच्या वस्तू हलवायची सवय. हजारदा सांगितलं."

प्रभंजन खाली मान घालून हसत होता. चहा घेताना त्याची नजर चहाच्या डब्याच्या पट्टीवर गेली. "ही काय, माझी चड्डी?"

"चहाला बांधलीय. जाड आहे."

दुपारी यांनी भात आणि आमटी केली. आमटीला फोडणी जरा करपली. प्रभंजननं तीनदा भात घेतला. हात धुऊन आला आणि यांच्याजवळ पाटावर बसला.

"अण्णा, मी कॉट खिडकीजवळ टाकून ठेवलीय. ती तशीच राहील. तुम्हाला पाहिजे तेव्हा या."

"येईन की. पाहुणा म्हणून."

माझ्या मुलानं हरून दाखवलं, तेही चांगल्या तोंडानं. देवा, माझ्यावर तुझी किती मेहेरबानी.

८ फेब्रुवारी

उद्या दवाखाना. हेमा आली आहे, ती माझ्याजवळ राहील. हे इथं. सकाळी यल्लव्वा.

आज दिवसभर काहीतरी सांगायचं राहिलंय असं वाटत होतं. गूळ कुठं आहे? सांगितलं. लाखेचा थेंब झिजला तर? तेही सांगितलं. शेवटी हे म्हणाले, "तू जा आता. मी आहे." हे वाक्य याआधी कितीदा ऐकलं असेल. दुकानातून, दारातून, तापात कपाळाजवळून. स्वयंपाकघरातून पहिल्यांदा ऐकलं.

१ मार्च

वीस दिवसांनी घरी. रिक्षातून उतरताना हेमानं धरलं होतं. टाक्यांना अजून ओढ बसते.

आत गेले, तर माझं स्वयंपाकघर तिथं नाही!

मांडणी उत्तरेच्या भिंतीला होती, ती दक्षिणेला. तांदूळ खाली, चहा वर. खिशांचं कापड शेगडीच्या उजवीकडं आलंय. दोन नव्या पट्ट्या: एक गुळाला, एक शेंगदाण्याच्या कुटाला. माझ्या ओळखीची नाहीत अशी कापडं. फडताळ काढून, सरळ करून पुन्हा ठोकलंय. सरळ! बाळाप्पाला बोलावून घेतलं होतं म्हणे, दुकानात कटिंगला असायचा तो.

"हे कुणी केलं?"

"उलटं होतं सगळं," हे म्हणाले. "मीठ लागतं शेगडीजवळ, तू ठेवलं होतंस दाराजवळ. हात किती लांब न्यायचा?"

तीस वर्षं मी तो हात लांब नेला. कधी कळलं नाही.

पाणी प्यायला भांडं शोधत होते, सापडेना. हे उठले आणि न चाचपता हातात आणून दिलं. मग म्हणाले, "बस तिकडं. इथं पायात येतेस."

हेमा तोंडाला पदर लावून हसत बाहेर पळाली. मी बसले. पाहुणीसारखी. शेंगदाण्याची चटणी जरा जास्त तिखट झाली होती. दोनदा घेतली.

४ मार्च

रिपोर्ट आला. हेमानं लपवायचा प्रयत्न केला, पण मी इंग्रजी वाचू शकते हे ती विसरली. सगळी गाठ निघालेली नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभर. जास्तही असेल. यांना दुपारीच सांगितलं. बराच वेळ माझा हात हातात धरून बसले. मग उठून भात लावला.

लिहून ठेवते, म्हणजे पोरांना कोडं पडायला नको.

पाटल्या हेमाला. मोहनमाळ मंगलाला, माझ्या हातानं, तिला लवकर बोलावून. माळ्यावरची मोठी पातेली आणि परात यल्लव्वाला, तिच्या मुलीचं लग्न आहे. शिवणाचं मशीन प्रभंजनला नको असेल तर बाळाप्पाला द्या, विकू नका. दोन्ही इरकली माझ्या बहिणीकडं, कमलकडं. ही वही हेमाला.

स्वयंपाकघर यांना. ते त्यांनी आधीच घेतलंय.